पाठीवरचा आकडा

एयेंगा दारात येऊन उभी राहिली तेव्हा इबाका दाढी करत होता, आणि लोबोता त्याच्या वाटणीचा भाजलेला मासा संपवत होता.

"काका, माझ्या नवऱ्याला आगबोटीनं खालच्या तुरुंगात नेणार आहेत," ती म्हणाली. "खाली नेलेला माणूस परत येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

इबाकाला ते चांगलंच ठाऊक होतं. गोऱ्यांच्या कचेरीत तो कैक वर्षं दुभाषा होता. साहेब बोलला ते कैद्याला सांगायचं, कैदी बोलला ते साहेबाला, आणि दोन्हीकडचं एक अक्षर गाळायचं नाही, हा त्याचा बाणा. एकदा एका म्हाताऱ्याने साहेबाला हासडलेली शिवी त्याने तितक्याच ठसक्यात फ्रेंचमध्ये उतरवली आणि नोकरी घालवली. तेव्हापासून नदीकाठच्या लोकांच्या चोऱ्या, भानगडी आणि न उलगडलेले मृत्यू तो उलगडून देत असे. लोबोता त्याची होडी वल्हवायचा. लोबोताचं डोकं जरा उशिरा चालायचं, पण होडी कधी उशिरा पोचली नव्हती.

"बस. नवरा कोण तुझा?"

"बोसेंगे. झोपेच्या आजाराच्या पथकात सुई टोचतो."

"म्हणजे मांगोबो मुखियाच्या बायका?"

"त्याच."

ही गोष्ट नदीभर झाली होती. झोपेच्या आजाराने आमच्याकडची गावंच्या गावं पेंगत पेंगत संपली, आणि सरकारला जाग आली ती त्यानंतर. आता दर पावसाळ्यात डॉक्टरचं पथक फिरायचं. माना चाचपायच्या, माणसं तोलायची, अंगावर निळ्या शाईने वजनाचा आकडा लिहायचा आणि त्या आकड्याप्रमाणे सोमलाचं औषध टोचायचं, दर आठवड्याला एक सुई. या हंगामात इकेंगेले गावात मांगोबोच्या दोन थोरल्या बायकांची नजर गेली. याच साली आणलेली सगळ्यात धाकटी बोलुंबू झटके येऊन मेली. बाकी गाव ठणठणीत होतं.

"गोरे ठाणेदार साहेब म्हणतात, औषध वाईट असतं तर सगळ्यांना बाधलं असतं," एयेंगा म्हणाली. "एकाच घरातल्या बायका वेचून मारल्यात म्हणजे टोचणाऱ्याचंच काम."

"बोसेंगेला त्या घराचा राग कशापायी?"

एयेंगाने मान खाली घातली. "माझ्यापायी. वडिलांनी मला मांगोबोकडे गहाण टाकलं होतं. मोठी झाले की त्याच्या घरात जायचं. गेल्या कोरड्या दिवसांत माझ्या भावानं मला सोडवलं आणि बोसेंगेला दिलं. मुखिया म्हणतो, बोसेंगेच्या मनात तेव्हापासून अढी आहे."

"भावानं कसं सोडवलं?"

"सांगितलं नाही. म्हणाला, तुला तो हवा होता ना, मिळाला ना, मग गप बस. आई गेल्यावर न्सांबानंच मला वाढवलंय, काका. त्याला उलटून काय विचारणार?"

"न्सांबा म्हणजे पथकात माणसं तोलतो तो?"

"तोच."

इबाकाने अर्ध्या गालावरचा साबण फडक्याने पुसून टाकला. "लोबोता, होडी काढ."

"अहो दुभाषेबुवा, अर्धी दाढी राहिली."

"माणूस पुरा वाचवायचा आहे. चल."

*

ठाण्यावर बोसेंगेच्या पायात साखळी होती. दुसरं टोक व्हरांड्याच्या खांबाला. आडदांड, शांत माणूस. बोलताना हात सारखे पुसत होता.

"बाटली एकच होती," तो म्हणाला. "तीच सुई, तेच औषध. रांगेत पुढं मांगोबोच्या बायका, मागं गाव. मी फक्त अंगावरचा आकडा बघतो आणि तेवढं औषध ओढतो."

"तोलताना तू जवळ असतोस?"

"नाही. काटा झाडाला टांगलेला, मी लांब मांडवात. सुया उकळायच्या असतात ना."

"गेल्या हंगामात असंच व्हायचं?"

"गेल्या हंगामात मी इथंच, दवाखान्यात होतो. जुने डॉक्टर आजारी पडून मायदेशी गेले, हे नवे आले, तेव्हा मला पथकात घेतलं."

"दुसऱ्या कुठल्या गावात कुणाचे डोळे गेले?"

"नाही. म्हणजे… वरच्या गावातल्या मुखियाची म्हातारी बायको धूसर दिसतं म्हणत होती. वय झालंय तिचं."

"आणि बोलुंबूला आजार होता? खरंच?"

बोसेंगेने पहिल्यांदाच हात पुसायचे थांबवले. "कोण जाणे. डॉक्टर मानेच्या गाठी चाचपतात. तिच्या मानेपर्यंत बोटं पोचेनात. तिघींचंही तेच. डॉक्टर म्हणाले, संशयित म्हणून टोचा."

"म्हणजे धडधाकट असूनही मेली असेल?" लोबोताने विचारलं.

बोसेंगे पुन्हा हात पुसू लागला.

*

पथकाचं सामान आंब्याच्या झाडाखाली पडलं होतं. काटा तिथेच फांदीला टांगलेला. लांब लोखंडी दांडी, एका टोकाला दोरांनी बांधलेली बसायची फळी, दुसऱ्या टोकाला वजनांचं पारडं. न्सांबा दांडीला तेल लावत होता. बहिणीसारखेच मोठे डोळे, पण ते माणसाकडे बघत नव्हते.

"बोसेंगे असं करणार नाही," तो स्वतःहूनच म्हणाला. "देवमाणूस आहे तो."

"मग कोणी केलं?"

"मला काय ठाऊक? मी वजनं टाकतो. आकडा डॉक्टर स्वतः मोजतात, स्वतः लिहितात. दुसऱ्यावर त्यांचा विश्वास नाही."

इबाका काट्याभोवती फिरला. पारड्याच्या वर, दांडीलाच एक जाड हूक होता. रिकामा. तिथल्या काळ्या लोखंडावर पिवळसर ओरखडे होते.

"हा कशाला?"

"तो? टोपी अडकवायला," न्सांबा म्हणाला.

लोबोताला हसू आलं. "टोपीला एवढा हूक? टोपी आहे का हत्तीचं डोकं?"

न्सांबा हसला नाही. तेलाचा बोळा त्याच्या हातातून खाली पडला आणि तो उचलायला त्याने बराच वेळ घेतला.

डॉक्टर तेवढ्यात बाहेर आले. तरुण, उन्हाने सोललेलं नाक, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. वाईट माणूस म्हणवत नाही अशा चेहऱ्याचे.

"माझ्या मोजण्यात चूक नाही," इबाकाने विचारायच्या आधीच ते म्हणाले. "प्रत्येक माणूस मी स्वतः तोलला आहे. माझ्या आधीच्या डॉक्टरचं काम फार संथ होतं. मी एका दिवसात दोन गावं उरकतो."

"आधीच्या डॉक्टरांनी कामाबद्दल काही सांगून ठेवलं नाही?"

"त्यांना जहाजावर स्ट्रेचरने चढवलं. माझी भेटसुद्धा नाही." डॉक्टर त्याच्या अर्ध्या दाढीकडे बघत राहिले आणि काही न विचारता आत गेले.

*

मांगोबो मुखिया दारातच कमी उंचीच्या स्टुलावर बसला होता. दाराच्या चौकटीवर पितळेचा जाडजूड हार टांगलेला, एका ठिकाणी छिन्नीने उघडलेला. मोठ्या घरच्या बायकोच्या गळ्यात आमच्याकडे लोहार हा हार जाळाशेजारी बसवून कायमचा ठोकून टाकतो. तो उतरतो ती बाई मेल्यावर. मग नवी बायको येईपर्यंत दारावर राहतो.

"बोलुंबूचा?" इबाकाने विचारलं.

"तिचाच." मुखिया म्हणाला. "तुम्ही त्या सुईवाल्याच्या बाजूनं आलात. या. माझ्या घरात दोन आंधळ्या आहेत, त्यांच्या हातचं पाणी प्या आणि मग मला सांगा, तो निर्दोष आहे."

"एयेंगाला तुम्ही सोडलंत. का?"

"मी कुणाला फुकट सोडत नाही," मुखिया म्हणाला. "माझं मला मिळालं, पोरगी गेली. संपला विषय. राग मला नव्हता, त्या सुईवाल्याला होता. उष्टं खाल्ल्यासारखं वाटत असेल."

इबाकाने हात वर करून हार खाली घेतला. दोन्ही हातांनी घ्यावा लागला. तीनचार वर्षांचं पोर कडेवर घ्यावं तेवढं ओझं. आतली कड त्याने बोटाने चाचपली. एका जागी पितळ झिजून बोटाएवढी खाच पडली होती.

"गळ्याला घासून झिजला असेल," लोबोता म्हणाला.

"गळा सगळीकडून घासतो," इबाका म्हणाला. "आणि तिनं हा पाऊसभरसुद्धा घातला नाही. मुखिया, हा तुमच्याच लोहारानं घडवला?"

"हार नदीभर सगळे एकाच साच्यातले असतात. लोहार कोण का असेना." मुखियाने नजर वळवली. "गळ्यात त्यानंच बसवला."

"चार दिवस मला देता?"

"परत आणा. माझा आहे तो."

मागच्या अंगणात मुखियाची तिसरी बायको मोंगिता कसाव्याची मुळं कुटत होती. चांगली दणकट बाई, मुसळ तिच्या हातात काडीसारखं वाटत होतं. गळा उघडा. कर्जापायी घरात आलेल्या बायकोला पितळ कोण घालतो?

"मलाही सुया टोचल्या," ती म्हणाली. "सगळ्या. मला काही झालं नाही. आमच्यासारख्यांना मरणसुद्धा विचारत नाही, बघा."

"बोलुंबू कशी होती?"

"काटकी हो. वाऱ्यानं उडेल अशी. पोरी हसल्या त्या दिवशी. डॉक्टरनं तिचा नि माझा आकडा एकच काढला! मी म्हटलं, बाई गं, तू खातेस कुठं नि ठेवतेस कुठं?" मोंगिताचं मुसळ थांबलं. "मेल्यावर हार काढून मीच तिला नदीवर नेली. एका हातानं उचलली असती."

"आकडा तुझ्या छातीवर लिहिला होता?"

"माझ्या छातीवर. त्या तिघींच्या पाठीवर. राण्या ना त्या!"

भिंतीशी थोरली मोलेका बसली होती. डोळे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हते. बोटं गळ्यातल्या पितळेवरून सावकाश फिरत होती.

"कोण आलंय?" तिने विचारलं. "सुईवाल्याचे लोक का? अरे, सुईला का दोष देता? गेल्या हंगामात मी हीच सुई घेतली. जुन्या डॉक्टरकडून. तोंड कडू व्हायचं, बस. तेव्हा तर मजा असायची. मी फळीवर बसले की काट्यावरची पोरं ओरडायची, मोलेकाआजीची सवत आली, सवत आली! मी म्हणायचे, मेल्यांनो, घरात कमी आहेत का?"

"सवत म्हणजे काय, आई?"

"अहो ती पलीकडं लटकायची ना…" एवढं बोलून मोलेका थबकली. "यंदा कुणी ओरडलं नाही. मला वाटलं, पोरं सुधारली."

इबाका तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने तिचा हात हातात घेऊन कपाळाला लावला आणि उठला.

*

परतीच्या वाटेवर हार होडीच्या मधोमध ठेवला होता. लोबोता वल्हवत होता.

"दुभाषेबुवा, तुम्हाला कळलंय."

"हो."

"बोसेंगे सुटेल?"

"सुटेल."

"मग तोंड का असं कडू?"

पुढच्या वळणावर एयेंगाचा घाट दिसला. तिच्या चुलीचा धूर पाण्यावर आला होता.

"लावू का घाटाला?" लोबोताने विचारलं. "बिचारी वाट बघत असेल. निदान सांगू तरी, काय ते."

इबाका त्या धुराकडे बघत राहिला. "नको. उशीर होईल. आगबोट येईल."

आगबोट यायला अजून अवकाश होता हे लोबोताला ठाऊक होतं. पण त्याने वल्हं पाण्यात घातलं.

*

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली सगळे जमले. ठाणेदार साहेब खुर्चीत. शेजारी डॉक्टर. मांगोबो आपलं स्टूल घेऊन आला होता. बोसेंगे साखळीसकट, न्सांबा काट्याजवळ. एयेंगा नवऱ्यापासून जितकं जवळ उभं राहू देतील तितकं जवळ. आगबोटीची शिटी वळणापलीकडे वाजली होती.

"थोडक्यात सांग," ठाणेदार म्हणाला.

"गाळून सांगायची मला सवय नाही, साहेब, पण लांबवत नाही," इबाका म्हणाला. "विष कुणी घातलं नाही. औषध जास्त गेलं. बोसेंगेनं आकडा बघून औषध ओढलं, त्याचा हात चुकला नाही. आकडाच चुकला."

डॉक्टर ताडकन उठले. "आकडा मी लिहिला आहे!"

"होय. लोबोता, बस फळीवर."

लोबोता लाजत लाजत बसला. न्सांबाने वजनं टाकली. डॉक्टरांनी वजनं मोजली. मग इबाकाने फडक्यातून पितळी हार काढला आणि लोबोताच्या मांडीवर ठेवला. फळी दाणकन खाली गेली.

"मोजा, डॉक्टरसाहेब. लोबोता एका क्षणात किती जेवला?"

कुणी हसलं नाही. डॉक्टर वजनांकडे बघत राहिले.

"मांगोबोच्या चार बायकांना एकाच बाटलीतलं औषध मिळालं," इबाका सांगू लागला. "जिच्या गळ्यात पितळ नाही ती मोंगिता रोज कसावा कुटते. जिच्या गळ्यात पितळ आहे त्या दोघींचे डोळे गेले. त्या अंगानं भरलेल्या, म्हणून जीव वाचला. बोलुंबू काटकी. तिच्यात बाईपेक्षा पितळच फार. तिचा आणि दणकट मोंगिताचा आकडा एक आला, गाव हसलं आणि घरी गेलं. तुम्ही दर आठवड्याला एका किडकिडीत पोरीला मोंगिताचं औषध दिलंत. वरच्या गावातल्या मुखियाच्या बायकोलाही विचारा. तिच्या गळ्यात काय आहे, ते मी न बघता सांगतो."

"मला कुणी सांगितलं नाही!" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही कुणाला विचारलं नाही. सगळ्यांचा आकडा छातीवर लिहिलात. या तिघींचा पाठीवर का लिहिलात, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला.

"छातीवर जागा नव्हती. तिथं पितळ होतं. मान चाचपायला गेलात, तिथंही पितळ होतं. दोन्ही वेळा तुम्ही ते हातानं बाजूला सारलंत." इबाकाचा आवाज खाली आला. "आम्हालाही दिसलं नाही म्हणा. मोठ्या घरची बाई पितळेसकटच बाई, असं आम्ही जन्मापासून बघतो. कुणी तिचं नाक वेगळं तोलत नाही."

"मग जुन्या डॉक्टरच्या वेळी हे का झालं नाही?" ठाणेदाराने विचारलं. माणूस चतुर होता. हा प्रश्न त्याने विचारला नसता तर बरं झालं असतं.

लोबोताने फळीवरून इबाकाकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. नको.

पण इबाका आयुष्यभर दुभाषा होता.

"कारण त्यांनी एक तसलाच हार विकत घेऊन ठेवला होता," तो म्हणाला. "पितळवाली बाई फळीवर बसली की तो पलीकडे, वजनांच्या बाजूला टांगायचे. पितळ पितळेला कापायचं, उरायची ती बाई. पोरं त्याला सवत म्हणायची. लोखंडी हुकावर पिवळे ओरखडे आहेत, ते टोपीचे नाहीत." त्याने लोबोताच्या मांडीवरचा हार उचलला आणि हुकावर अडकवला. आतली खाच हुकावर नेमकी बसली. हार जराही हलला नाही. "हा तो हार. बोलुंबूच्या गळ्यातून काढलेला. ज्यानं तिला वाचवायचं, तोच तिच्या गळ्यात ठोकला. काट्यावरची सवत खरोखरच घरात आली."

मांगोबो स्टुलावरून अर्धवट उठला. "मला तो मोबदल्यात मिळाला! चोरीचा आहे हे मला…"

"कशाच्या मोबदल्यात?" ठाणेदाराने विचारलं.

मांगोबोने एयेंगाकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती भावाकडे वळली.

"दादा?"

न्सांबा दांडीला धरून उभा होता. "जुने डॉक्टर गेले होते," तो म्हणाला, साहेबाला नाही, तिला. "हार असाच पेटीत पडून होता. मांगोबो पितळेशिवाय तुला सोडेना. मला वाटलं, नवा डॉक्टर येईतो दुसरा मिळवू. नाही मिळाला."

"एक दगड टांगला असतास," इबाका म्हणाला. "तेवढ्या वजनाचा."

"साहेबानं विचारलं असतं, दगड कशाला? मग हार कुठाय?" न्सांबाचा चेहरा ओला झाला होता. "आणि काका, मला वाटलं, जास्त गेलं तर औषधच जाईल ना! लोक सुईसाठी दोनदोनदा रांगेत उभे राहतात. मला वाटलं, मुखियाच्या बायका लवकर बऱ्या होतील. जास्त औषध म्हणजे जास्त बरं, दुसरं काय कळतं मला? मोलेकाआजीचे डोळे गेले तेव्हा मला शंका आली. तोवर बोलुंबू पडली होती. आणि मग बोसेंगेला धरला."

"आणि तू गप्प राहिलास," बोसेंगे म्हणाला. रागाने नव्हे, आश्चर्याने.

"रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो."

ठाणेदाराने डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टर अजून हुकावरच्या हाराकडे बघत होते. दोघं आपसात हळू आवाजात काही बोलले. मग ठाणेदार उभा राहिला. सरकारी सामानाची चोरी. चोरी लपवल्यामुळे एक मृत्यू, दोघी अपंग. डॉक्टरांना वस्तुस्थितीची कल्पना देण्यात आली नव्हती. इबाकाने कुणी न सांगता सवयीने हे सगळं आमच्या भाषेत सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

शिपायाने बोसेंगेच्या पायातली साखळी सोडली आणि न्सांबाच्या पायात घातली. कुलूपही तेच होतं.

*

घाटावर आगबोट लाकडं भरून घेत होती. न्सांबाला चढवलं, मागोमाग फडक्यात गुंडाळलेला हारही. पुरावा म्हणून तोही खाली जाणार होता. मांगोबोने आपला हक्क सांगून पाहिला, तेव्हा शिपायाने त्याला ढकलून दिलं.

बोसेंगे धावत ठाणेदाराच्या मागे गेला आणि हात हलवत परत आला.

"हार देत नाहीत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, उद्या पथक वरच्या गावी निघायचं. मी सुई टोचायला हवाच म्हणे, दुसरं कुणी नाही. मग हुकावर टांगू काय?"

"दगड टांग," लोबोता म्हणाला. "नदीत चिक्कार आहेत. कुणी विचारलं तर सांग, लोबोतानं सांगितलं."

एयेंगा पाण्याच्या कडेला उभी होती. आगबोटीच्या धुरात भाऊ दिसेनासा झाला तरी बघत होती. मग ती इबाकाकडे आली. रडली नव्हती.

"काका, तुम्हाला केव्हा कळलं?"

"मांगोबोच्या दारात. हार हातात घेतला तेव्हा."

"मांगोबोच्या दारापासून ठाण्यापर्यंत येताना मधे माझं घर लागतं."

"साहेबानं प्रश्न विचारला," इबाका म्हणाला. "खोटं सांगायला हवं होतं का मी? अर्धवट ठेवलं असतं तर बोसेंगे सुटला नसता कदाचित."

"कदाचित," एयेंगा म्हणाली. "पण न्सांबादादाला मी आदल्या दिवशी विचारलं असतं. तो माझ्याशी कधी खोटं बोलला नाही, काका, फक्त मी विचारलं नव्हतं. तो स्वतःहून साहेबापुढं जाऊन उभा राहिला असता. किंवा होडी घेऊन पळाला असता. काय ते त्यानं ठरवलं असतं. निदान माझ्या हातचं जेवून गेला असता." तिने बोसेंगेकडे बघितलं. तो थोडा दूर, मोकळ्या पायावर, कसं चालायचं ते विसरल्यासारखा उभा होता. "तुम्ही माझा नवरा मला दिलात. तुमचे उपकार आहेत. आता परत माझ्या दारात येऊ नका."

ती नवऱ्याचा हात धरून वाटेला लागली.

लोबोताने होडी पाण्यात ढकलली. इबाका मधोमध बसला. हार होता तिथे. त्याची अर्धी दाढी आता चांगलीच वाढली होती आणि अर्धी खुरटली होती, पण लोबोताला त्याची चेष्टा करवेना.

वळणावर एयेंगाचा घाट आला. चूल पेटलेली नव्हती. ती दोघं अजून पायवाटेनेच येत असणार.

"घाटाला लाव," इबाका म्हणाला.

लोबोताने वल्हं थांबवलं नाही. "आता कशाला?" तो म्हणाला, आणि होडी पुढे गेली.